गृहपाठाला घर हवे

(द्वितीय वर्ष कला)

‘गृहपाठ’ या सामासिक शब्दाचा विग्रह आम्ही शाळेत ‘गृही करावयाचा पाठ’ असा करीत असू. त्याला पूर्ण गुणही मिळत. व्याकरणात काही चुकलेले नाही. परंतु या विग्रहात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती म्हणजे गृह. ज्या घरात मुलाला वही उघडून बसण्याइतकी जागा आहे, दिवा आहे, अडले तर सांगणारे कुणी आहे, अशा घराचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून हा शब्द घडला असावा. तसे घर नसेल तर नुसता पाठ उरतो आणि तोही बहुधा अपुरा.

मुले गृहपाठ करीत नाहीत, त्यांना अभ्यासाची गोडी राहिली नाही, मोबाईलने पिढी बिघडवली, ही तक्रार आज सगळीकडे ऐकू येते. शाळेतल्या गुरुजींपासून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारापर्यंत सर्वांचे या बाबतीत एकमत आहे. गेली दोन वर्षे मी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या मुलांना जमवून त्यांचा गृहपाठ करून घेते. त्याला शिकवणी म्हणण्यात अर्थ नाही, कारण तेथे फी नाही आणि फळाही नाही. कधी नऊ मुले असतात, कधी चौदा. या दोन वर्षांत त्या तक्रारीची दुसरी बाजू मला जशी दिसली तशी येथे मांडते.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. हा भाग विणकरांचा आणि विडी कामगारांचा. चादरी आणि टॉवेल यांनी सोलापूरचे नाव दूरवर नेले. पण ते विणणाऱ्या हातांची मातृभाषा पुष्कळदा तेलुगू असते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. काही पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेली ही पद्मशाली कुटुंबे. पुरुष यंत्रमागावर आणि बायका विडीवर, अशी आमच्याकडे संसाराची वाटणी. आमच्या घरीही तसेच. नान्ना टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी. अम्मा विड्या वळते. नान्ना चौथीपर्यंत शिकले, अम्मा शाळेत गेलीच नाही. घरात दहावीचा उंबरठा ओलांडणारी मी पहिली. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी.

विडीचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. सकाळी कारखान्यात जाऊन तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा आणायचा. पाने भिजत घालायची, मग मापाने कापायची. मांडीवर सूप घेऊन एकेका पानात तंबाखू भरायची, ते वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मोडायचे. तयार विड्या दुसऱ्या दिवशी कारखान्यात नेऊन द्यायच्या. म्हणजे माल कारखान्याचा आणि काम घरचे. म्हणूनच की काय, पहिलीत असताना बाईंनी दिलेला गृहपाठ मी घरी येऊन ‘इंटि पनि’ असा सांगितला तेव्हा अम्माने माझ्या हाती केरसुणी दिली. तेलुगूत ‘इंटि पनि’ म्हणजे घरचे काम. घरच्या कामात झाडलोट येते, भांडी येतात, विडी येते. पाटीवर काही लिहिणे हेही घरचे काम असू शकते, याची त्या घराला तोवर कल्पनाच नव्हती.

आमच्यासारख्या घरांत मूल आळशी असते म्हणून गृहपाठ राहतो असे नाही. घरात आधीपासूनच एक गृहपाठ चालू असतो, सगळ्या घराचा मिळून. मुलाचा गृहपाठ त्यात कुठेतरी बसवावा लागतो.

हे सारे सुरू झाले ते माझ्या धाकट्या भावामुळे. तो आता सातवीत आहे. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा तो पहिलीत होता. जोडाक्षरांशी ओळख व्हायच्या वयात त्याची शाळा सुटली ती नान्नांच्या मोबाईलमध्ये गेली. गृहपाठ व्हॉट्सॲपवर येई. पण मोबाईल नान्नांबरोबर कारखान्यात जाई. नान्ना पाळीवरून परत येईपर्यंत भाऊ झोपलेला असे. अशी दोन वर्षे गेली आणि तो वरच्या वर्गात जात राहिला.

मी प्रथम वर्षात आले तेव्हा तो सहावीत होता. एकदा त्याला एका धड्यातले पाच शब्द दहा दहा वेळा लिहून आणायला सांगितले होते. तो कसा लिहितो ते मी पाहत बसले. त्याने आधी ‘क’ खालोखाल दहा वेळा लिहिला. मग त्या प्रत्येकापुढे ‘ष्ट’ काढला. दहा मिनिटांत दहा ‘कष्ट’ उभे राहिले. अक्षर सुरेख होते. मी त्याला तो शब्द वाचायला सांगितला. तो वहीकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे पाहून हसला. त्याला वाचता येत नव्हते. लिहिले ते लिहिलेच नव्हते, चित्र काढावे तसे काढले होते. पाच वर्षे त्याने अशी चित्रे काढली होती आणि त्यांवर ‘छान’ असा लाल शेराही मिळवला होता.

गृहपाठ टाळणाऱ्या मुलाबद्दल बोलताना आपण त्याला कंटाळा येतो असे म्हणतो. मला वाटते, कंटाळा हे पुष्कळदा न येण्याचे टोपणनाव असते. ‘मला येत नाही’ असे म्हणायला मूल लाजते. ‘कंटाळा आला’ म्हणायला लाजत नाही. आधी त्याला काय येत नाही ते शोधावे, मग गोडीचा विचार करावा. भावाला मी सहावीचे पुस्तक बाजूला ठेवून दुसरीचे वाचायला लावले. दार मात्र लोटून घेतले, कारण सहावीतल्या मुलाच्या हातात दुसरीचे पुस्तक गल्लीने पाहिले असते तर त्याने ते पुन्हा हातात धरले नसते. दिवाळीपर्यंत तो जोडाक्षरे वाचू लागला. मग शेजारची दोन मुले आली, त्यांच्या मागून त्यांच्या बहिणी, आणि पडवी भरली.

साडेसहा ते साडेसात ही आमची वेळ. ती ठरवायला पुष्कळ विचार करावा लागला. पाचला मुले खेळात असतात आणि आठनंतर घराघरांत टीव्ही लागतो. साडेसहाला दिवे लागतात, आयांचे हात कामात असतात आणि घरात मुलांची लुडबुड नको असते. वेळ ठरली की अर्धे काम होते. मुलाला रोज रोज ‘अभ्यासाला बस’ असे सांगावे लागणे म्हणजे रोज एक भांडण. दिवेलागणीलाच वही निघाली पाहिजे हे एकदा अंगवळणी पडले की सांगणारा माणूस लागत नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी वर्ग बंद. कारण त्या दिवशी घागर आणि बादली यांपुढे पुस्तकाचा निभाव लागत नाही, आणि तो लागावा असा हट्टही धरू नये.

अम्मा पडवीच्या कोपऱ्यात सूप घेऊन बसलेली असते. आमच्या या वर्गातली खरी शिक्षिका ती आहे असे मी म्हटले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. म्हणून दोन प्रसंग सांगते.

चौथीतल्या एका मुलाला वीस भागाकार दिले होते. वीस हा आकडा पाहूनच त्याने पेन्सिल खाली ठेवली. तो पेन्सिलला टोक करी, पुन्हा टोक मोडी. मी समजावून थकले. तेव्हा अम्मा मान वर न करता तेलुगूत म्हणाली, “हजाराकडे बघून कुणी विडी वळत नाही. कट्ट्याकडे बघावे.”

एका कट्ट्यात पंचवीस विड्या असतात. अम्माचा दिवसाचा हिशोब हजाराचा. पण तिच्या तोंडी हजार हा शब्द कधी येत नाही. ती कट्टे मोजते. एक कट्टा बांधला की मान मोडते, पाण्याचा घोट घेते, दुसरा धरते. असे चाळीस कट्टे झाले की हजार आपोआप झालेले असतात. मी त्या मुलाची वही घेतली आणि पाच भागाकारांनंतर एक आडवी रेघ मारली. म्हटले, “हा तुझा पहिला कट्टा.” पाच झाल्यावर तो उठला, पडवीभर फिरला, परत येऊन बसला. त्याचे वीसही भागाकार झाले असे मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी पंधरा झाले. पण दुसऱ्या दिवशी त्याने येताच स्वतःहून वहीत रेघा मारल्या. आता आमच्याकडे सगळीच मुले कट्ट्यांत अभ्यास करतात. इतिहासाची पाच उत्तरे म्हणजे कट्टा, कवितेची दोन कडवी म्हणजे कट्टा. मोठे काम लहान मुलाला दिसतच नाही, त्याला फक्त भिंत दिसते. भिंतीच्या विटा मोजून दिल्या की तो कामाला लागतो.

दुसरा प्रसंग ‘छाट’ या शब्दाचा. कारखान्यात तयार विड्या तपासतात आणि नापसंत पडलेल्या बाजूला काढतात. त्यांना छाट म्हणतात. छाट म्हणजे पान गेले, श्रम गेले आणि मजुरीही गेली. एका मुलीच्या गणिताच्या वहीचे आख्खे पान शाळेत लाल फुलीने कापले होते. चूक कुठे ते लिहिलेले नव्हते. मुलगी पुढचे पान उघडायलाच तयार होईना. अम्माने वही मागून घेतली. तिला आकडे कळतात, अक्षरे कळत नाहीत. पण लाल फुली कळली. ती म्हणाली, “तपासणारा विडी का काढली ते सांगतो, तर दुसऱ्या दिवशी हात सुधारतो. न सांगता नुसती फेकतो, तर चांगली विडी वळतानाही हात घाबरतो.”

आम्ही ते पान पुन्हा पाहिले. आठपैकी सात गणितांची रीत बरोबर होती. हातचा घ्यायचा विसरला होता इतकेच. मी रीत बरोबर असलेल्या जागी पेन्सिलने बारीक खूण केली आणि हातच्याच्या जागी ठिपका दिला. मुलीने सातही गणिते पुन्हा केली. वर्गात पन्नास-साठ वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक पानावर इतके लिहिता येणार नाही, हे मला कळते. म्हणून तर घरी कुणीतरी ते पान पाहिले पाहिजे. मुलाने लिहिलेले कुणी पाहिलेच नाही, किंवा पाहून नुसती फुली मारली, तर दोन्ही वेळा त्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: मग मी लिहिले कशाला?

भाषेचा अडसर हा आणखी एक विषय. पाचवीतला एक मुलगा शाब्दिक उदाहरणे सोडवीत नसे. सगळे त्याला गणितात कच्चा म्हणत. उदाहरण असे होते: छत्तीस पेरू सहा मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती मिळाले? मी त्याला विचारले, “काय अडले?” तो म्हणाला, “अक्का, प्रत्येकी कोण?” त्याला ते एखाद्या मुलीचे नाव वाटले होते. मी म्हटले, “ओक्कोक्करिकि.” म्हणजे एकेकाला. त्याने क्षणात सहा असे उत्तर दिले. गणित त्याला येत होते, दाराशी उभा असलेला शब्द त्याला आत जाऊ देत नव्हता. ‘पैकी’, ‘उरले’, ‘एकूण’, ‘निम्मे’ हे असेच द्वारपाल. त्यांची एक यादी आम्ही पडवीच्या भिंतीवर लावली आहे, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला तेलुगू, दोन्ही देवनागरीत. पारधी, बंजारा, गोंड, वारली अशा कितीतरी घरांतल्या मुलांची हीच अडचण असणार. ज्या भाषेत स्वप्ने पडतात त्या भाषेत प्रश्न एकदा सांगितला, की मूल तो मराठीत सोडवायला घाबरत नाही.

आता बक्षिसाविषयी. आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. ते नातवाला गृहपाठ झाला की पाच रुपये देत. महिनाभर झकास चालले. मग नातू दहा मागू लागला. दहा मिळाले तेव्हा गृहपाठ अधिक भराभर आणि अधिक गिचमीड होऊ लागला, आणि आजोबा गावी गेले तेव्हा तो थांबला. मानसशास्त्राच्या तासाला आम्हांला एक प्रयोग शिकवला तेव्हा मला या नातवाची आठवण झाली. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. बालवाडीतल्या ज्या मुलांना चित्रे काढायला मनापासून आवडत होते अशी मुले त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितले की चित्र काढलेत तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता अचानक बक्षीस दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे त्यांना मोकळे सोडले तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांकडे वळली. आवडीचे काम त्यांना मजुरीचे वाटू लागले होते.

मी सरांना विचारले, “सर, चित्रे मुलांना मुळात आवडत होती. गृहपाठ कुणाला आवडतो?” सर म्हणाले, नावडते काम सुरू करून द्यायला लहानसे बक्षीस उपयोगी पडते, पण ते हळूहळू मागे घेता आले पाहिजे आणि त्याच्या जागी दुसरे काही यायला पाहिजे. ते ‘दुसरे काही’ काय, याचे उत्तर मला पडवीत मिळाले. आम्ही साडेसातला पाच मिनिटे राखून ठेवतो. त्या वेळी प्रत्येकाने आज स्वतः केलेली एक गोष्ट इतरांना सांगायची. एक गणित, एक कविता, एखादा नवा शब्द. ऐकणारे टाळ्या वाजवीत नाहीत, प्रश्न विचारतात. दुसरीतल्या मुलीने ‘विटाळणे’ आणि ‘विटणे’ यांतला फरक विचारून आम्हां सर्वांना गप्प केले. त्या पाच मिनिटांसाठी मुले तासभर मान खाली घालून लिहितात. आपल्याला येते ते दुसऱ्याला सांगता यावे, याहून मोठे बक्षीस लहान मुलाला नसावे.

गृहपाठ किती असावा, याचाही विचार व्हायला हवा. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊच नये, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, सहावी ते आठवीला रोज फार तर एक तास आणि नववीपासून पुढे फार तर दोन तास असे म्हटले आहे. कागदावरची ही मर्यादा पडवीत मला क्वचितच दिसते. तिसरीतल्या मुलाला एका संध्याकाळी पाच पाने उतरवून न्यायची असतात. त्यातून ‘प्रकल्प’ आला की आई-बापांचा जीव खाली-वर होतो. रंगीत चित्रे, जाड पुठ्ठा, चमकीचा कागद. झेरॉक्सच्या दुकानात चित्रे छापून मिळतात आणि ती चिकटवून देण्याचेही पैसे घेतात. तो गृहपाठ दुकानदाराचा होतो, मूल फक्त वाहक. एका सातवीतल्या मुलाला ‘आपल्या परिसरातील उद्योग’ हा विषय मिळाला होता. त्याने चित्रे आणली नाहीत. माझ्या अम्माची मुलाखत घेतली, पानाचा एक तुकडा, दोऱ्याची एक गुंडी आणि एक रिकामी विडी वहीत चिकटवली, आणि खाली हिशोब मांडला. बाईंनी तो प्रकल्प वर्गात वाचून दाखवला. असा विषय दर महिन्याला दिला तर मुलांच्या मागे लागावे लागणार नाही.

आता ज्या मुलीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याविषयी.

ती मागच्या वर्षी पाचवीत होती. तीन बहिणींत थोरली. वडील आजारी, कमाई एकट्या आईच्या विडीची. संध्याकाळी आई विड्या वळी आणि ही तोंडे मोडी. बोटे लहान असली की हे काम चटकन होते, हेच तिचे दुर्दैव. सलग तीन दिवस गृहपाठ झाला नाही म्हणून तिला वर्गाबाहेर उभे केले. चौथ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. आठ दिवस गेले. शाळा सुटणे असेच असते. कुणी ‘उद्यापासून शाळा बंद’ असे म्हणत नाही. गृहपाठ राहतो, मग लाज वाटते, मग खाडा होतो, मग दप्तर खुंटीला लागते, आणि एके दिवशी कळते की ते तेथेच राहिले.

मी तिच्या आईकडे गेले. नात्याने नव्हे पण शेजाराने ती माझी अत्ता. ती म्हणाली, “पुस्तकाने आज घरात तेल-मीठ येत नाही. सातवीपर्यंत शिकली तरी पुष्कळ झाले. हात मात्र आत्ताच वळणाला लागला पाहिजे.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, मुलीविषयी अनास्थाही नव्हती. हजार भरले नाहीत तर काय होते ते तिला माहीत होते. सातवीनंतर काय होते ते तिला कुणी दाखवले नव्हते. मी शिक्षणाचे महत्त्व या विषयावर वक्तृत्व स्पर्धेत दोनदा बक्षीस मिळवले आहे. त्यातले एकही वाक्य तेथे उपयोगाचे नव्हते.

बोलली ती अम्मा. माझ्यामागून ती आली होती. म्हणाली, “तासभर पोरीला पाठव. तेवढ्या वेळात ती जे चार-पाच कट्टे मोडते, ते माझ्याकडे पाठव. मी मोडीन.” चार-पाच कट्टे म्हणजे सव्वाशे विड्या, तिच्या स्वतःच्या हजारांवर. अत्ता काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी दप्तर आणि त्याबरोबर एका फडक्यात बांधलेल्या विड्या घेऊन आली.

मी तिच्या शाळेतही गेले. वर्गशिक्षिका कठोर नव्हत्या. ही मुलगी संध्याकाळी काय करते हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. त्या म्हणाल्या, “अर्धा झाला तरी वही दाखव, पण ये.” एवढ्यावर ती परत शाळेत गेली.

पण टिकली ती वेगळ्याच कारणाने. मी तिला एकच जास्तीचा गृहपाठ दिला होता: रात्री आईला वही दाखवायची आणि त्यात काय लिहिले आहे ते तेलुगूत सांगायचे. अत्ताला अक्षर वाचता येत नाही. पहिले काही दिवस ती नुसती ‘हूं’ म्हणे. मग मुलीने एकदा शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेची गोष्ट सांगितली. पेटाऱ्यांपर्यंत आली आणि तिला झोप लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी अत्ता आमच्या दारात उभी. “ते पेटाऱ्यातून सुटले का?” मी म्हटले, “संध्याकाळी लेकीलाच विचार.” तेव्हापासून वही दाखवायची राहिली तर विचारते ती आई. हात सुपावर, कान वहीकडे. मुलीला गोडी लागली ती येथे. शाळेच्या लाल शाईपेक्षा आईच्या ‘मग पुढे?’ या दोन शब्दांना अधिक जोर आहे.

ती मुलगी आता सहावीत आहे. अजून तोंडे मोडते. काही दिवस येत नाही. सातवीनंतर काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही. अत्ता अलीकडे ‘सातवीपर्यंत’ असे म्हणत नाही, ‘बघू’ म्हणते. आमच्या गल्लीत ‘बघू’ हा शब्द लहान नाही.

अशिक्षित आई-बाप अभ्यासात काय मदत करणार, असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, मुलाला शिकवणे हे शाळेचे काम आहे. मुलाचे ऐकणे हे घरचे. त्याला अक्षर लागत नाही. रोज पाच मिनिटे वही मांडीवर घेऊन ‘हे काय आहे?’ असे विचारणारे एक माणूस, बसायला एक कोपरा, ठरलेली एक वेळ आणि कट्ट्याएवढे काम, एवढे मिळाले की बहुतेक मुले चालू लागतात. धाकाने ती बसतात, आमिषाने ती धावतात, पण दोन्ही संपले की थांबतात.

हा विचार काही माझा नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. मूल जेथे आहे आणि ज्या कामात आहे तेथून आरंभ करायचा, हा त्यांचा धडा. गृहपाठाच्या बाबतीत तो आपण अजून गिरवलेला नाही.

शेवटी माझ्या वर्गमित्रांना आणि मैत्रिणींना एक विनंती. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत आपल्यापैकी पुष्कळजण आहेत. वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे असतात. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो, फेऱ्या काढतो; ते चांगलेच आहे. पण त्यातले साठ तास आपापल्या गल्लीत, दिवेलागणीला, एखाद्या पडवीत दिले तर? आपल्यातले कितीतरीजण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. गृहपाठात कुठे अडते हे आपल्याइतके ताजे कुणाला आठवत नसेल. फळा लागत नाही, खडू लागत नाही. चटई आणि एक दिवा पुरतो. आणि एखादी आई कोपऱ्यात काम करीत बसली असेल तर तिला उठवू नका. तिचे म्हणणे मधूनमधून ऐका.